शाळेच्या सर्व्हरवर गट कसे पाडावेत आणि संगणक कसे जोडावेत?

माणदेशी | १६ नोव्हेंबर, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. तालुक्याच्या गावी आमची पाचवी ते बारावीची शाळा आहे. मी गणित शिकवतो, संगणक कक्षही माझ्याकडेच आहे. एकूण ३१ संगणक: कक्षात २४, कार्यालयात ४, शिक्षक खोलीत २ आणि ग्रंथालयात १. आजवर सगळे वर्कग्रुपवर, आपापले. कार्यालयातल्या एका संगणकाची डी ड्राइव्ह सगळ्यांना उघडी. गुणांच्या शीट, दाखल्यांचे नमुने, पगाराचे कागद, स्नेहसंमेलनाचे फोटो, सगळं तिच्यातच. लॉगिनचं नाव सगळीकडे एकच, पासवर्डही एकच, आणि तो नववीच्या पोरांनाही पाठ.

दिवाळीआधी अकरावीच्या प्रथम सत्राच्या गुणांच्या शीटवर कुणीतरी जुनी शीट सेव्ह केली. कुणी केली हे शोधायला काही वाटच नव्हती, कारण संगणकाच्या लेखी आम्ही सगळे एकच माणूस. संशय गेला आमच्या लिपिक ताईंवर. का, तर फाइल त्यांच्या टेबलावरच्या संगणकात होती म्हणून. बावीस वर्षं या शाळेत काढलेली बाई पंधरा दिवस कुणाशी धड बोलत नव्हती. गुण आम्ही उत्तरपत्रिकांवरून पुन्हा भरले, तीन रात्री गेल्या. पण ताईंचा चेहरा डोळ्यांसमोरून जात नाही.

आता माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी काढून सर्व्हर दिला आहे. विंडोज सर्व्हर २०२२ स्टँडर्ड, ३२ जीबी रॅम, २ टीबीच्या दोन डिस्क. प्रत्येकाला स्वतःचं खातं द्यायचं आणि ज्याला जे काम आहे तेवढंच त्याला उघडं ठेवायचं, एवढं डोक्यात पक्कं आहे. सुरुवात कुठून करू? गट कसे पाडू? संगणक जोडताना काय काय आडवं येतं?

अनुजा_प | १६ नोव्हेंबर, रात्री १०:२५

सर, पुण्यात एका रुग्णालयाचं नेटवर्क मी बारा वर्षं सांभाळते आहे. तुमच्या ताईंबद्दल वाचून पोटात कालवलं. आमच्याकडे औषधांच्या साठ्यावरून अगदी असंच घडलं होतं. वेगळं खातं म्हणजे आपल्यावर पाळत, असा लोकांचा समज होतो. प्रत्यक्षात ते प्रामाणिक माणसाच्या बचावाला असतं. शिक्षक खोलीत सांगाल तेव्हा हेच आधी सांगा, नाहीतर विरोध होईल.

सर्व्हर चालू करायच्या आधी एक वही घ्या. डाव्या बाजूला शाळेतली कामं लिहा, माणसांची नावं नकोत. परीक्षा, प्रवेश आणि दाखले, पगार आणि हिशेब, अध्यापन, ग्रंथालय, विद्यार्थी. उजव्या बाजूला फोल्डर. मग कुठल्या कामाला कुठला फोल्डर नुसता वाचायचा आहे आणि कुठला बदलायचा आहे, त्याच्या रेघा ओढा. ही वही झाली की अर्धं काम झालं.

आणि ३१ पैकी किती संगणकांवर विंडोजची होम आवृत्ती आहे ते उद्याच बघा. डोमेन म्हणजे एका सर्व्हरच्या कारभाराखाली आलेले सगळे संगणक आणि खाती. होम आवृत्ती डोमेनला जोडताच येत नाही. प्रो, एज्युकेशन किंवा एंटरप्राइज लागते.

बँकेतला | १७ नोव्हेंबर, सकाळी ७:१०

कोल्हापूरकडच्या एका सहकारी बँकेत संगणक विभागात होतो, आता निवृत्त. विंडोज एनटी ४ च्या काळापासून डोमेन उभी केली आहेत. अनुजाताईंनी वहीचं सांगितलं, त्याला पुढची पायरी जोडतो.

फोल्डरवर परवानगी कधीही माणसाच्या नावाने देऊ नका. माझ्या नोकरीच्या सुरुवातीला एका शाखेत तशी दिली होती. तीन वर्षांत निम्मे लोक बदलले आणि कुणाला कशाचा हक्क आहे हे सांगणारा एकही माणूस उरला नाही. एकेका फोल्डरचे गुणधर्म उघडून बघत बसलो. खाती काढून टाकलेल्यांच्या जागी नुसते एस-१-५ ने सुरू होणारे लांबलचक आकडे दिसत होते.

रीत अशी. माणूस घाला कामाच्या गटात. हा गट ग्लोबल प्रकारचा. उदाहरणार्थ ‘परीक्षा समिती’. फोल्डरसाठी वेगळा गट करा, डोमेन लोकल प्रकारचा. उदाहरणार्थ ‘गुण-बदल’ आणि ‘गुण-वाचन’. परवानगी मिळते ती फक्त या फोल्डरच्या गटाला. मग कामाचा गट फोल्डरच्या गटात घाला. माणूस, काम, फोल्डर, परवानगी, अशी साखळी. ३१ संगणकांच्या शाळेला ही दुहेरी गटबाजी जड वाटेल, पण समितीचे अध्यक्ष बदलले की तुम्हाला एका गटातलं एक नाव काढून दुसरं घालायचं आहे, बस. एकाही फोल्डरला हात लावायचा नाही.

माणदेशी | १७ नोव्हेंबर, दुपारी १:०५

मधल्या सुट्टीत पाहिलं. कक्षातल्या २४ पैकी ६ होम निघाले. शिवाय १० संगणक इतके जुने आहेत की विंडोज ११ घेणार नाहीत, विंडोज १० वरच आहेत. ते ६ होमवालेही याच दहातले. त्यांचं काय करू?

आणि एक प्रश्न. ऑर्गनायझेशनल युनिट म्हणून जे असतं, तो गटच ना? मी करून पाहायला म्हणून ‘शिक्षक’ नावाचं युनिट केलं, पण फोल्डरला परवानगी देताना ते यादीत येतच नाही.

अनुजा_प | १७ नोव्हेंबर, दुपारी २:३०

इथे नवे लोक हमखास अडकतात, म्हणून सावकाश सांगते. युनिट म्हणजे कपाटातला कप्पा. खातं कुठल्या तरी एकाच कप्प्यात राहतं. त्या कप्प्याला ग्रुप पॉलिसी, म्हणजे सर्व्हरवरून सगळ्यांना एकदम लागू होणारे नियम, लावता येते आणि त्याचा कारभार दुसऱ्या कुणाकडे सोपवता येतो. गट म्हणजे हजेरीपट. एकाच माणसाचं नाव पाच हजेरीपटांवर असू शकतं. परवानगी हजेरीपटाला मिळते, कप्प्याला नाही. म्हणून यादीत तुमचं युनिट दिसलं नाही.

तुमच्या शाळेला कप्पे थोडे पुरतील. माणसांसाठी कर्मचारी आणि विद्यार्थी, संगणकांसाठी कक्ष आणि कार्यालय. गट मात्र वहीतल्या कामांइतके करा.

आता एक खोच. नवा संगणक डोमेनला जोडला की तो आपोआप ‘कॉम्प्युटर्स’ नावाच्या ठिकाणी जाऊन बसतो. दिसायला ते युनिटसारखंच, पण युनिट नाही, त्याला पॉलिसी लावता येत नाही. लोक कक्षासाठी छान पॉलिसी करतात आणि ती लागतच नाही म्हणून दोन दिवस डोकं धरून बसतात. संगणक तिथून उचलून आपल्या कप्प्यात टाका. त्याहून बरं, सर्व्हरला एकदाच सांगून ठेवा की नवे संगणक थेट ‘कक्ष’मध्येच येऊ देत. त्यासाठी रीडिर-सीएमपी नावाची छोटी आज्ञा आहे.

उबंटूकर | १७ नोव्हेंबर, संध्याकाळी ६:५०

माणदेशी सर, विंडोज १० चे मोफत सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. ते दहा संगणक डोमेनला जोडले तरी पॅचशिवाय नेटवर त्यांचा भरवसा नाही. त्यांवर विंडोजऐवजी लिनक्स घाला. उबंटू किंवा मिंट चालेल. एसएसएसडी आणि रिअल्मडी ही दोन पॅकेजं टाकली की लिनक्सचा संगणकही तुमच्या विंडोज डोमेनला जोडता येतो आणि मुलं त्याच नावाने, त्याच पासवर्डने लॉगिन करतात. होम आवृत्तीचं प्रो करायचा खर्चही वाचतो.

खरं तर सर्व्हरसुद्धा लिनक्सवर चालला असता. त्यासाठी साम्बा नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे. साम्बा ४.० डिसेंबर २०१२ मध्ये आलं, तेव्हापासून साम्बा स्वतः ॲक्टिव्ह डिरेक्टरीचा (विंडोज डोमेनमधल्या खात्यांच्या आणि गटांच्या नोंदवहीचा) डोमेन कंट्रोलर, म्हणजे ती सांभाळणारा सर्व्हर, होऊ शकतं. गट, पॉलिसी, सगळं विंडोजच्या त्याच खिडक्यांमधून सांभाळता येतं. लायसन्सचा पैसा नाही.

माणदेशी | १७ नोव्हेंबर, रात्री ९:१५

साम्बाचा विचार मनापासून केला. पण माझी बदली झाली किंवा मी निवृत्त झालो तर माझ्या जागी येणाऱ्याला हे चालवता आलं पाहिजे. आमच्या भागात विंडोज जाणणारा माणूस मिळतो, साम्बा जाणणारा मिळत नाही. म्हणून सर्व्हर विंडोजच ठेवतो. दहा जुन्या संगणकांवर लिनक्स घालायची कल्पना मात्र उचलली. अकरावीच्या आयटीच्या मुलांकडूनच करून घेतो, त्यांचंही शिक्षण होईल.

लायसन्सवरून आठवलं. दुकानदार म्हणतो, ‘कॅल’ (सर्व्हर वापरणाऱ्यांसाठीचे परवाने) वेगळे घ्यावे लागतील, आणि ९०० विद्यार्थ्यांचा हिशेब सांगून घाम फोडतो.

बँकेतला | १७ नोव्हेंबर, रात्री १०:००

कॅल लागतात हे खरं. सर्व्हरच्या लायसन्समध्ये ते धरलेले नसतात. पण ते दोन प्रकारचे असतात, माणशी आणि यंत्रागणिक. एक माणूस तीन यंत्रं वापरत असेल तर माणशी परवडतात. तुमच्याकडे उलट आहे, एका यंत्रावर दिवसभरात तीस पोरं बसतात. तुम्ही यंत्रागणिक घ्या, ३१. शैक्षणिक दराने मागा. लिनक्सवाले दहा यातून वगळू नका, तेही विंडोज सर्व्हरची सेवा घेणारच.

माणदेशी | १७ नोव्हेंबर, रात्री १०:०८

३१! मी नऊशेच्या आकड्याने संस्थेच्या सचिवांकडे जायला निघालो होतो. साहेब, तुमचे उपकार.

वैशाली_शिक्षिका | १८ नोव्हेंबर, सकाळी ११:२०

मीही नाशिककडच्या एका शाळेत हेच करू पाहते आहे. विद्यार्थ्यांची लॉगिन नावं कशी ठरवता? आमच्या सातवीत एकाच नावा-आडनावाच्या दोन मुली आहेत, वडिलांचं नावसुद्धा एकच. आणि नाव देवनागरीत द्यायचं का?

माणदेशी | १८ नोव्हेंबर, दुपारी १:१०

वैशालीताई, याचं उत्तर आपल्याच कपाटात आहे: जनरल रजिस्टरचा नंबर. प्रवेशाच्या दिवशी मिळतो, दाखला निघेपर्यंत बदलत नाही आणि शाळेत दोघांना एकच नसतो. इयत्ता किंवा हजेरी क्रमांक नावात घालू नका, दरवर्षी बदलावा लागेल. लॉगिन म्हणजे ‘जी’ आणि पुढे तो नंबर. माझ्या पाचवीच्या पोरांना दोन दिवसांत पाठ झाला.

अनुजा_प | १८ नोव्हेंबर, दुपारी ३:४५

सर, ही युक्ती सुंदर आहे. जुन्या पद्धतीच्या लॉगिन नावाला २० अक्षरांची मर्यादा असते, आपली नावं-आडनावं त्यात मावत नाहीत. नंबरामुळे तोही प्रश्न मिटला.

देवनागरीचं असं करा. लॉगिन नाव रोमन ठेवा, पण दर्शनी नाव देवनागरीत भरा. चालतं, पडद्यावर आपल्या भाषेत नाव दिसतं आणि मुलांना फार आवडतं. फक्त लॉगिनच्या पडद्यावरचा कीबोर्ड इंग्रजी असल्याची खात्री करा. ज्या संगणकावर मराठी इनस्क्रिप्ट पहिला ठेवला आहे तिथे पासवर्ड ठिपक्यांत टाइप होतो, काय उमटतंय ते दिसत नाही, आणि माणूस ‘पासवर्ड बरोबर आहे तरी घेत नाही’ म्हणून वैतागतो. पाच चुकांनंतर खातं बंद होण्याची पॉलिसी असेल तर दहा मिनिटांत सगळा वर्ग बाहेर.

पासवर्डाचा नियम सगळ्यांना एकच नको. पाचवीच्या मुलाला बारा अक्षरी पासवर्ड सांगितला तर तो वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवणार. सर्व्हर २००८ पासून गटागणिक वेगळा पासवर्ड नियम लावता येतो. लक्षात ठेवा, हा नियम ग्लोबल गटाला लागतो, कप्प्याला नाही. ‘कर्मचारी’ला कडक, ‘लहान विद्यार्थी’ला सौम्य.

बँकेतला | १८ नोव्हेंबर, रात्री ८:३०

संगणक जोडायला घ्याल त्याआधी दोन गोष्टी तपासा. माझ्या अनुभवात जोडणी फसते ती बहुतेक वेळा यांच्यामुळेच.

पहिली, डीएनएस, म्हणजे नावावरून पत्ता सांगणारी सेवा. संगणक डोमेनचा पत्ता डीएनएसलाच विचारतो. इंटरनेट कंपनीचा राउटर स्वतःचा डीएनएस वाटत असतो आणि त्याला तुमच्या डोमेनचं नावही ठाऊक नसतं. प्रत्येक संगणकाच्या डीएनएसच्या रकान्यात फक्त तुमच्या सर्व्हरचा पत्ता हवा, समजा १९२.१६८.१.१०. दुसऱ्या रकान्यात गूगलचा ८.८.८.८ घालायचा मोह सगळ्यांना होतो. घालू नका. संगणक कधी इकडे विचारतो, कधी तिकडे, आणि तिकडून ‘असं नावच नाही’ असं उत्तर आलं की लॉगिन अडतं. आज चालतं, उद्या चालत नाही, असा त्रास होतो. बाहेरच्या जगाचे पत्ते सर्व्हर स्वतः पुढे विचारून आणतो, त्याला तेवढं शिकवा. आयपी पत्ते वाटायचं कामही राउटरकडून काढून सर्व्हरकडे द्या. दोघांनी वाटले तर गोंधळ होतो.

दुसरी, घड्याळ. डोमेनमध्ये ओळख पटवतो तो कर्बेरॉस, आणि सर्व्हर आणि संगणक यांच्या वेळेत ५ मिनिटांपेक्षा जास्त फरक असला तर तो दारातूनच परत पाठवतो. जुन्या संगणकांचा मदरबोर्डवरचा सेल मेलेला असतो. वीज गेली की तारीख कुठल्या कुठे जाते. सीआर २०३२ म्हणून मागा, घड्याळवाल्याकडेही मिळतो. सर्व्हरची स्वतःची वेळ बाहेरून जुळवून घ्या. दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा भारतीय प्रमाणवेळ सांभाळते, तिचा वेळेचा सर्व्हर सगळ्यांना खुला आहे.

डोमेनचं नाव ठेवताना शेवटी ‘डॉट लोकल’ लावू नका. प्रिंटर, मॅक आणि लिनक्स ते नाव आपसातल्या ओळखीसाठी वापरतात आणि टक्कर होते. शाळेची वेबसाइट असेल तर तिच्या नावापुढे ‘एडी’ जोडून उपनाव करा. वेबसाइट नसेल तर ‘डॉट इंटर्नल’ चालेल, ते आयकॅन या इंटरनेटवरच्या नावांचा कारभार बघणाऱ्या संस्थेने २०२४ मध्ये खासगी वापरासाठी राखून ठेवलं आहे. नाव नंतर बदलणं फार जिकिरीचं, म्हणून आत्ताच नीट ठरवा.

माणदेशी | २३ नोव्हेंबर, रात्री ८:००

आठवड्याचा वृत्तांत. डोमेन उभं राहिलं. नावाला ‘डॉट इंटर्नल’ घेतलं. शनिवारी शाळा सुटल्यावर मी आणि अकरावीची चार मुलं बसलो. संगणकांना नावं दिली: कक्ष-०१ ते कक्ष-२४, कार्यालय-०१ ते ०४. (पहिलं नाव शाळेच्या पूर्ण नावासकट ठेवायला गेलो तर १५ अक्षरांच्या पुढे जाऊ देईना.) सर्व्हरचा मुख्य पासवर्ड मुलांसमोर नको म्हणून जोडणीसाठी एक साधं खातं केलं. दहा संगणक धडाधड जोडले. अकरावा नाही म्हणाला. केबल बदलली, डीएनएस पाहिला, सेल बदलला. नाही म्हणजे नाहीच.

अनुजा_प | २३ नोव्हेंबर, रात्री ८:२०

केबल, डीएनएस, सगळं ठीक आहे, सर. ॲक्टिव्ह डिरेक्टरीत साध्या खात्याला मुळातच फक्त १० संगणक जोडायची मुभा असते. तुमचा कोटा संपला. ‘कक्ष’ आणि ‘कार्यालय’ या कप्प्यांवर त्या खात्याला संगणक जोडायचा हक्क सोपवा, मग आकड्याची अट राहत नाही. आणि काम संपलं की तो मूळ दहाचा आकडा शून्यावर आणा. नाहीतर उद्या कुठलाही विद्यार्थी घरचा लॅपटॉप आणून आपल्या खात्याने डोमेनला जोडेल.

माणदेशी | २३ नोव्हेंबर, रात्री ९:०५

झालं! कक्षातले विंडोजचे सगळे जोडले गेले. लिनक्सचे दहा पुढच्या शनिवारी. मुलं टाळ्या वाजवत होती.

उबंटूकर | २३ नोव्हेंबर, रात्री ९:३०

अभिनंदन सर. एक विचारतो. कक्षात रीस्टार्ट केलं की सगळं पूर्ववत करणारं सॉफ्टवेअर आहे का? बहुतेक शाळांत असतं.

माणदेशी | २३ नोव्हेंबर, रात्री ९:३४

आहे. १४ संगणकांवर. का?

उबंटूकर | २३ नोव्हेंबर, रात्री ९:५०

मग महिनाभराने सगळे एकेक करून डोमेनशी बोलेनासे होतील. डोमेनमधल्या संगणकाचाही स्वतःचा पासवर्ड असतो आणि तो दर ३० दिवसांनी संगणक आपला आपण बदलतो. बदलला, सर्व्हरकडे नवा नोंदला गेला, मग तुम्ही रीस्टार्ट केलं आणि त्या सॉफ्टवेअरने संगणकाला जुन्या पासवर्डावर नेऊन ठेवलं. दोघांचा विश्वास तुटला. लॉगिनच्या पडद्यावर ‘ट्रस्ट रिलेशनशिप’ तुटल्याचा संदेश येतो आणि लोक संगणक डोमेनमधून काढून पुन्हा जोडत बसतात.

उपाय आत्ताच करा. ‘कक्ष’ कप्प्याच्या पॉलिसीत संगणकाने आपला पासवर्ड बदलू नये अशी एक सोय आहे, ती चालू करा. फक्त कक्षासाठी हं, कार्यालयासाठी नाही. पॉलिसी लागली का ते सॉफ्टवेअर उघडं ठेवून तपासा आणि मगच गोठवा, नाहीतर पॉलिसीसुद्धा रीस्टार्टबरोबर पुसली जाईल.

बँकेतला | २४ नोव्हेंबर, सकाळी ६:४५

उबंटूकर, हे मला ठाऊक नव्हतं. बँकेत असलं सॉफ्टवेअर नसायचं. आज नवं शिकलो.

माणदेशी सर, आता फोल्डरकडे या. शेअर केलेल्या फोल्डरला दोन दारं असतात: वाड्याचा दिंडी दरवाजा आणि आतल्या खोलीचं दार. शेअरची परवानगी हा दिंडी दरवाजा, एनटीएफएसची, म्हणजे डिस्कवर फोल्डरला स्वतःला दिलेली, परवानगी हे खोलीचं दार. नेटवर्कवरून येणाऱ्याला दोन्ही ओलांडावी लागतात, म्हणून ज्याची परवानगी कमी तीच खरी. दोन्हीकडे बारीक बारीक नियम केले की कोण कुठे अडलं ते उमगत नाही. दिंडी दरवाजा लॉगिन झालेल्या सगळ्यांना बदल करण्याइतका मोकळा ठेवा आणि खरी राखण खोलीच्या दाराशी करा.

‘फुल कंट्रोल’ कुणाला देऊ नका, ‘मॉडिफाय’ पुरतं. फुल कंट्रोलवाला दुसऱ्यांच्या परवानग्याही बदलू शकतो. आणि ‘डिनाय’च्या चौकटीला शक्यतो हात लावू नका. समजा ‘शिक्षक’ गटाला गुणांच्या फोल्डरवर डिनाय केलं. परीक्षा समितीचे सदस्यही शिक्षकच. त्यांना समितीमुळे मिळालेली परवानगी डिनायपुढे टिकणार नाही आणि निकालाच्या आदल्या दिवशी समितीच बाहेर राहील. ज्याला द्यायचं नाही त्याला नुसतं देऊ नका, तेवढं पुरे.

माणदेशी | २६ नोव्हेंबर, रात्री ९:००

सगळं वहीप्रमाणे केलं. ‘गुण-बदल’मध्ये परीक्षा समिती आणि लिपिक, ‘गुण-वाचन’मध्ये शिक्षक. एक मात्र कळेना. इंग्रजीच्या मॅडमना आज समितीच्या गटात घातलं, तरी त्यांना फाइल सेव्ह होईना. परवानग्या तीनदा तपासल्या.

अनुजा_प | २६ नोव्हेंबर, रात्री ९:१२

मॅडमना लॉगआउट करून पुन्हा लॉगिन करायला सांगा. माणूस आत येतो तेव्हाच त्याच्या गटांची यादी त्याच्या खिशात टाकली जाते. नंतर तुम्ही गट बदललात तरी खिशातली यादी जुनीच असते. नुसती स्क्रीन लॉक करून उघडणं पुरत नाही.

माणदेशी | २७ नोव्हेंबर, सकाळी ११:०५

झालं सेव्ह. आणखी एक विचारायचं आहे. माझा मूळ प्रश्न होता, उद्या पुन्हा कुणी फाइलवर फाइल सेव्ह केली तर? गट बरोबर असले तरी गटातल्या माणसाच्या हातूनही चूक होतेच. तेव्हा पुन्हा कुणावर आळ यायला नको.

अनुजा_प | २७ नोव्हेंबर, दुपारी १२:४०

आता सगळ्यात महत्त्वाच्या ठिकाणी आलात. त्यासाठी दोन गोष्टी करा.

गुणांचा फोल्डर ज्या ड्राइव्हवर आहे तिच्यावर शॅडो कॉपी, म्हणजे ठरल्या वेळी फाइलींची आपोआप जपलेली आवृत्ती, चालू करा. सकाळी ७ आणि दुपारी १२ अशा वेळा सोयीच्या पडतात. मग कुठल्याही फाइलवर उजवी टिचकी मारून मागच्या आवृत्त्या बघता येतात आणि कालची फाइल परत आणता येते. ज्याच्या हातून चूक झाली तोच माणूस कुणाला न सांगता ती दुरुस्त करू शकतो. तुमच्या तीन रात्री वाचल्या असत्या.

दुसरं, त्या एका फोल्डरपुरती नोंद ठेवा. पॉलिसीतून फाइलींच्या वापराची नोंद चालू करा आणि फोल्डरच्या ऑडिटिंगमध्ये फक्त लिहिणं आणि पुसणं निवडा. वाचण्याची नोंद नको, ढीग होतो. मग सर्व्हरच्या सुरक्षा नोंदवहीत ४६६३ क्रमांकाच्या नोंदी येतात, त्यांत खात्याचं नाव, फाइल आणि वेळ असते. ही नोंद आहे हे सगळ्यांना आधीच उघड सांगा. आणि ती कोण उघडू शकतो ते मुख्याध्यापकांकडून लेखी ठरवून घ्या. मुलांचे गुण, पत्ते, आधार हे सगळं त्यांच्या आईवडिलांनी विश्वासाने आपल्याकडे दिलेलं असतं. डिजिटल वैयक्तिक माहितीचा २०२३ चा कायदाही मुलांच्या माहितीकडे वेगळ्या काळजीने बघतो.

बँकेतला | २७ नोव्हेंबर, रात्री ८:१५

शॅडो कॉपी त्याच यंत्रात असते. यंत्र जळालं की तीही गेली. दोन डिस्क एकमेकींची प्रत असल्या तरी तो बॅकअप नव्हे, चुकून पुसलेली फाइल दोन्हीवरून एकदमच पुसली जाते. बाहेरच्या दोन डिस्क घ्या, एका आठवड्यात एक, दुसऱ्यात दुसरी. जी लावलेली नाही ती सर्व्हरच्या खोलीत ठेवू नका. महिन्यातून एकदा एखादी फाइल त्यातून खरोखर परत आणून बघा.

आणि सर्व्हर बंद पडला तर? संगणक शेवटच्या १० जणांची ओळख स्वतःजवळ ठेवतो, त्यामुळे कार्यालयातले लोक काही दिवस लॉगिन करू शकतील, फोल्डर मात्र मिळणार नाहीत. कक्षात जो मुलगा त्या संगणकावर आधी बसलाच नाही तो आतच येणार नाही. पुढच्या वर्षी वर्गणी जमली तर दुसरा डोमेन कंट्रोलर करा, साधा संगणकही चालेल. तोवर यूपीएस आणि डिरेक्टरी दुरुस्तीचा पासवर्ड सीलबंद पाकिटात, मुख्याध्यापकांच्या कपाटात. पाकिटावर तारीख घाला.

वैशाली_शिक्षिका | २८ नोव्हेंबर, सकाळी १०:३०

हा सगळा धागा छापून घेतला आहे. आमच्या जुन्या प्रश्नपत्रिका युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये आहेत. मुलं दुसऱ्या संगणकावर बसली की अक्षरांचं कडबोळं दिसतं. यावर काही?

उबंटूकर | २८ नोव्हेंबर, सकाळी ११:१५

फॉन्ट सर्व्हरवर एका ठिकाणी ठेवून पॉलिसीने सगळ्या संगणकांवर पाठवता येतात, लायसन्स तेवढं तपासा. पण कायमचा उपाय म्हणजे त्या फाइली युनिकोडमध्ये रूपांतरित करणं. हे काम संपत नाही असं वाटतं, पण रोज पाच केल्या तर उन्हाळ्याच्या सुट्टीआधी होऊन जातात.

माणदेशी | १८ जानेवारी, रात्री ८:४५

बरेच दिवसांनी येतोय. लिनक्सचे दहाही संगणक डोमेनमध्ये आहेत, मुलांनीच केलं. कक्षातले १४ संगणक महिना उलटून गेला तरी नीट चालू आहेत. उबंटूकर, तुम्ही विचारलं नसतं तर आम्ही जानेवारीत रडत बसलो असतो.

या महिन्यात परीक्षा समितीचे अध्यक्ष बदलले. जुन्या सरांचं नाव गटातून काढलं, नव्या मॅडमचं घातलं, दोन मिनिटं लागली. वहीत तारीख टाकून दोघांची सही घेतली.

शिक्षक खोलीत हे सगळं समजावून सांगितलं त्या दिवशी लिपिक ताई मागच्या बाकावर बसल्या होत्या. संपल्यावर आल्या आणि म्हणाल्या, सर, ती मागची आवृत्ती परत आणायची कशी, ते मलाही दाखवा. दाखवलं. परवा एका शिक्षकांच्या हातून दहावीच्या सराव परीक्षेची शीट बिघडली. मी तासावर होतो. खाली आलो तोवर ताईंनी दुपारी बाराची आवृत्ती आणून ठेवली होती आणि त्या शिक्षकांना चहाही दिला होता.